बी.एम. म्हणजे भिवाजी म्हसे?

"आउट हाय, सरळ आउट हाय." जागृतीने चेंडू मुठीत घट्ट धरला. "चेंडू दगडाला लागला तेव्हा तू अजून अर्ध्या वाटेत होतास."

"अर्ध्या वाटेत? माझी बॅट कधीच दगडाला टेकली होती. मी घाम पुसत उभा होतो," साईनाथ म्हणाला.

साईनाथ आठ वर्षांचा होता आणि आजवर एकदाही आउट झाला नव्हता. म्हणजे झाला होता पुष्कळदा, फक्त कबूल कधी केलं नव्हतं.

"भांडू नका रं, अंपायरला विचारा," लांबून एका पोराने सांगितलं.

सगळी पोरं माळाच्या मधोमध असलेल्या दगडाभोवती जमली. हा दगड म्हणजे गोलंदाजाकडची विकेट. गुडघ्याएवढा, काळा, जमिनीत पक्का रुतलेला. त्याच्या सपाट डोक्यावर एक फुली होती. वाद झाला की चेंडू फुलीच्या मधोमध ठेवायचा आणि हात काढून घ्यायचा. चेंडू चंद्राआजीच्या जांभळींकडे घरंगळला तर आउट. साईनाथच्या काकाच्या घराकडे गेला तर नॉट आउट. कातळपाड्याची पोरं त्यांच्या बापांच्या वेळेपासून असाच निकाल लावत आली होती आणि दगडाला 'अंपायर' म्हणत आली होती.

चेंडू जरा थरथरला आणि जांभळींकडे घरंगळला.

"वारं होतं," साईनाथ म्हणाला.

समिधा मात्र निकाल बघतच नव्हती. ती खिशातून वही काढून लिहीत होती. समिधा कर्जतला राहायची, सातवी संपवून मे महिन्याच्या सुट्टीत मामाकडे आली होती. दुसरी मुलं स्टिकर जमवतात, समिधा शब्द जमवायची. रोजच्या बोलण्यातला इंग्रजी शब्द कानावर पडला की तो कुठून आला, त्याच्या आधी काय होता, हे वाचनालयातल्या जाडजूड कोशात शोधल्याशिवाय तिला जेवण गोड लागायचं नाही.

"आता काय सापडलं गं?" जागृतीने विचारलं. जागृती म्हणजे समिधाची मामेबहीण, तिच्याहून वर्षाने मोठी. तिचं तोंड तिच्या गोलंदाजीसारखंच वेगवान.

"अंपायर," समिधा म्हणाली. "हा शब्द मुळात अंपायर नव्हताच. नंपायर होता. नंपायर म्हणजे जो कोणाच्या जोडीतला नाही असा माणूस. दोघं भांडायला लागले की तिसऱ्या कोणाला तरी बोलवायचे, तो."

"म्हंजे तिऱ्हाईत."

समिधा थबकली. "अगदी तोच शब्द. मला सुचतच नव्हता." तिने मान डोलावली. "तर इंग्रजीत 'एक' म्हणायला शब्दाच्या आधी 'अ' लावतात. अ नंपायर. पटपट म्हण बघू."

"अ नंपायर. अनंपायर. अन् अंपायर." जागृती हसायला लागली. "अगं, न सरकला की."

"सरकला आणि शेजारच्या शब्दाला जाऊन चिकटला. लोकांना वाटलं, तो तिकडचाच. तेव्हापासून नंपायरचा न गेला तो गेलाच."

"शेजाऱ्याने ढापला म्हण ना सरळ," जागृती म्हणाली. "आमच्या गावात बांध सरकवतात, तुझ्या इंग्रजीत न सरकवतात."

एवढ्यात खालच्या अंगाने जेसीबीची घरघर थांबली आणि प्रवीणदादाचा आवाज आला. "गावला! दगड गावला! दशरथतात्यांना बोलवा कोणीतरी."

पोरांनी बॅट टाकली आणि पळत सुटली.

हद्दीच्या दगडाची भानगड अशी होती. माळाचा एक भाग चंद्राबाईचा आणि दुसरा प्रवीण म्हसेचा, साईनाथच्या काकाचा. माळावर कोणी शेती करत नव्हतं, त्यामुळे मध्ये बांध नव्हता. आजवर कोणी हद्द विचारलीही नव्हती. पण यंदा प्रवीणने आपल्या जागेत फार्महाऊस बांधायचं ठरवलं आणि त्याला रस्ता हवा होता तो नेमका चंद्राबाईच्या तीन जांभळींवरून. त्या जांभळी चंद्राबाईच्या नवऱ्याने लावलेल्या. नवरा जाऊन पंधरा वर्षं झाली होती. जांभळं पिकली की म्हातारी डोक्यावर पाटी घेऊन हायवेवरच्या चौक गावातल्या ढाब्यांवर विकायला जायची. सरकारी मोजणीची तारीख पावसाळ्यानंतरची मिळाली होती. म्हणून गावचे पोलीस पाटील दशरथतात्या यांनी दोघांना समोर बसवून ठरवून टाकलं होतं की, दोन्ही घरांच्या वाडवडिलांनी पुरलेला हद्दीचा दगड या माळावर कुठेतरी आहे. तो सापडेल तिथे हद्द. दोघांनी मान्य करायचं.

आणि आता प्रवीणला दगड सापडला होता. जांभळींच्याही पलीकडे, घाणेरीच्या झुडपांत. जेसीबीने झुडपं ओरबाडल्यावर एक काळं खडकाचं तोंड उघडं पडलं होतं.

दशरथतात्या आले. चष्मा घरी विसरून आले होते. ते उतारावर उभे राहूनच म्हणाले, "वाच रे बाबा, काय लिवलंय."

"बी आणि एम," प्रवीणने बोट ठेवून वाचलं. "तात्या, बी.एम. म्हंजे भिवाजी म्हसे. माझा आजा. आणि हा बघा, मधोमध बाणपण काढलाय. बाण वर दाखवतोय. म्हंजे हितून वरची जागा आमची नाय, खालची आमची."

"बाणाचं टोक वर हाय तर वरची तुझी का खालची?" तात्यांनी विचारलं.

प्रवीण जरा गोंधळला. "जी जांभळीची हाय ती," तो म्हणाला.

"वर तर आभाळ हाय," जागृती पुटपुटली. "तेपण म्हश्यांचंच का?"

चंद्राबाई खडकाजवळ उकिडवी बसली होती. म्हातारपणी तिने रात्रीच्या वर्गात जाऊन अक्षरं गिरवली होती, पण इंग्रजी तिथे शिकवत नव्हते. तिने त्या खुणांवरून बोट फिरवलं. "मला तर फोनवरचा आठ दिसतोय आणि त्याच्या बाजूला डोंगर," ती म्हणाली. पण तिला कोणी विचारलं नव्हतं, म्हणून कोणी ऐकलंही नाही.

"अक्षरं तर बरोबर हायत," तात्या म्हणाले. ऊन लागत होतं, त्यांना घरी जायची घाई होती. "ठरलं तसं ठरलं. चंद्राबाई, दगड गावला तिथं हद्द."

"सोमवारी झाडं तोडायला माणूस येईल," प्रवीण म्हणाला.

चंद्राबाई उठली, पदराने हात पुसले आणि जांभळीखाली जाऊन बसली.

समिधा मात्र खडकाजवळच थांबली. बी.एम.च्या वर एक आडवी खाच कोरलेली होती. दोन वीत लांब, पट्टीने मारल्यासारखी सरळ. बाणाचं टोक नेमकं त्या खाचेच्या मध्यावर टेकत होतं. भिवाजी म्हशांनी स्वतःचं नाव कोरलं असतं तर ते वर मोठं कोरलं असतं आणि हद्दीला बाण लावायचाच तर तो आडवा लावला असता. हा बाण खाचेकडे बोट दाखवत होता. तिने वहीचं पान खडकावर धरलं, वरून पेन्सिल आडवी धरून घासली. अक्षरं, बाण, खाच, सगळं कागदावर उमटलं.

ती जांभळीखाली गेली. जागृती आणि साईनाथ आधीच झाडावर होते.

"चंद्राआजी, तुमच्या घरात त्या हद्दीच्या दगडाबद्दल कोणी काही सांगितलं होतं का?" समिधाने विचारलं.

"सासरे सांगायचे," म्हातारी म्हणाली. "दगड पुरताना खाली घमेलंभर कोळसा टाकलाय. लाकूड कुजतं, हाडूक कुजतं, कोळशाला काय होत नाय. शंभर वर्सांनी उकरा, तसाच गावंल."

"मग हे तात्यांना का नाही सांगितलं?"

"मला कोण विचारतंय गं बाय."

समिधाने वही उघडली. मागची पानं चाळली. एका पानावर तिचं बोट थांबलं. तिथे एक शब्द होता आणि पुढे मोठं प्रश्नचिन्ह.

त्या शब्दाची गोष्ट समिधाला आठवली की अजून कान गरम व्हायचे. पाचवीत तिने कर्कटकाने बाकावर आपलं नाव कोरलं होतं. मुख्याध्यापिकाबाई वर्गात येऊन म्हणाल्या होत्या, "अशाने आपल्या शाळेचा बेंचमार्क काय राहील?" समिधाला वाटलं, बेंचवरचा मार्क तो बेंचमार्क. दुसऱ्या दिवशी ती घरून पॉलिशपेपर घेऊन गेली आणि बाई वर्गात यायच्या आत बाक घासून गुळगुळीत केला. वर जाऊन बाईंना सांगितलं की बेंचमार्क अजिबात राहिला नाही. बाई दोन मिनिटं खुर्ची धरून हसत होत्या. मग समिधाने कोश उघडला. कोशात लिहिलं होतं, 'मोजणी करणाऱ्यांनी खडकावर कोरलेली खूण.' मोजणीचा आणि बाकाचा काय संबंध, ते तिला कळलं नव्हतं. म्हणून प्रश्नचिन्ह.

"बेंचमार्क," ती हळूच म्हणाली. "बी आणि एम."

"पण खात्री कोण करणार?" जागृती फांदीवरून म्हणाली. "तुझा कोश कर्जतला आणि झाडं सोमवारी तुटणार."

"मोजणीचं काम केलेला कोणी माणूस पाहिजे," समिधा म्हणाली.

"बाबांच्या गॅरेजवर गजाबाबा बसतात की," जागृतीने उडी टाकली. "जन्मभर कालव्याच्या मोजणीत खलाशी होते, म्हंजे साहेबाची पट्टी धरायचे. भिवपुरीहून रोज येतात, चहा पितात आणि बाबांना कामात चुका काढून दाखवतात."

साईनाथला गावातच ठेवायचं ठरलं. काका काय करतो त्यावर नजर ठेव, असं त्याला सांगितलं.

"काकाला कळलं तर मला जेवायला नाय मिळायचं," साईनाथ म्हणाला.

"जांभळं खा," जागृती म्हणाली. "झाडं वाचली तर."

हे साईनाथला पटलं.

नीलेशमामाचं गॅरेज चौकला जुन्या हायवेच्या कडेला होतं. समिधाची अर्धी वही याच गॅरेजात भरली होती. टोचन म्हणजे बंद गाडी ओढून न्यायची साखळी, हा शब्द 'टो' आणि 'चेन' मिळून झाला असणार, असं तिने स्वतःच ओळखलं होतं. सरकारने 'कंडेम' म्हणून शिक्का मारला की गाडी कंडम होते. आणि स्टेपनी हे तर एका रस्त्याचं नाव. दूर वेल्समध्ये त्या नावाच्या रस्त्यावर पहिली जादा चाकं बनली. मामाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, "म्हंजे आपल्या रस्त्यावर बनली असती तर चाकाला चौक म्हणाले असते."

आज मामा एका जीपखाली झोपला होता, फक्त पाय दिसत होते. गजाबाबा बाकावर बसून त्या पायांना सल्ला देत होते. "नट उलटा फिरवतोयस रं."

"बाबा, नट सरळच फिरतोय. तुमी उलटे बसलाय," गाडीखालून आवाज आला.

समिधाने कागद त्यांच्यापुढे धरला. गजाबाबांनी बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली, कागद डोळ्यांजवळ नेला आणि मग इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"हा कुठं भेटला गं तुला? हा तर माजा बाक."

"बाक?"

"मग! साहेब यंत्रातनं बघायचा आणि मी उंच पट्टी धरून उभा. पट्टी जरा वरखाली झाली की शिव्या. म्हणून काय करायचं, जुन्या लोकांनी खडकात अशी आडवी खाच कोरून ठेवलेली असायची. त्या खाचेत लोखंडाचा कोन बसवायचा. झाला बाक. त्याच्यावर पट्टी उभी करायची. हालायचं काम नाय. कितीही वर्सांनी या, बाक त्याच उंचीला."

समिधाच्या डोळ्यांपुढे दोन वर्षांचं प्रश्नचिन्ह वितळलं. "म्हणजे तो बाक माणसांना बसायला नाहीच."

"माणसाला कोण बसू देतो? बाक पट्टीला. खलाशी उन्हात." गजाबाबांनी कागदावर बोट आपटलं. "ही उंचीची खूण हाय बाय. जागा कुणाची, ते हिला ठावकी नाय. हद्दीचा दगड येगळा. त्याचं तोंड आभाळाकडं, डोक्यावर फुली. हिचं तोंड माणसाकडं."

समिधा विचारणार होती की फुली कशी असते, एवढ्यात मामाचा फोन वाजला. मामाचे हात ग्रीसने भरलेले, म्हणून जागृतीने घेतला.

"साईनाथ हाय," ती कुजबुजली. "काय रं? आजच? आता?" तिने फोन ठेवला. "झाडं तोडणारा माणूस सोमवारी दुसरीकडे जाणार हाय म्हणून प्रवीणदादाने त्याला आजच बोलावलाय. मशीन घेऊन निघाला."

"मामा, गाडी काढ," समिधा म्हणाली.

"कुठली काढू? माझी ही समोर उघडी पडलीय." मामा जीपखालून बाहेर आला. मग त्याने हायवेकडे बघितलं. कातळपाड्याकडे निघालेला भाजीचा टेंपो चहासाठी थांबला होता. "त्यात बसायला जागा नाय, टोचन लावू. इंजिन बंद हाय, पण चाकं आणि ब्रेक ठीक हायत."

पाच मिनिटांत वरात निघाली. पुढे टेंपो, मध्ये साखळी, मागे जीप. जीपमध्ये मामा स्टिअरिंगला, शेजारी गजाबाबा, मागे दोघी बहिणी. टेंपोवाला साखळी तुटेल या भीतीने इतक्या हळू चालवत होता की गावच्या वाटेवर एका सायकलवाल्याने त्यांना मागे टाकलं आणि वळून बघितलं.

"मामा, जरा हॉर्न तरी वाजव," समिधा काकुळतीने म्हणाली.

"बॅटरी काढून ठेवलीय."

"मग तोंडाने वाजव," जागृती म्हणाली. आणि ती स्वतःच वाजवायला लागली.

माळावर पोचले तेव्हा झाडं अजून उभी होती. त्याचं कारण मधल्या जांभळीवर बसलं होतं. साईनाथ सगळ्यात उंच फांदीवर होता, तोंड जांभळंनिळं, खिसे फुगलेले. खाली तोडणारा माणूस यंत्र घेऊन बिडी ओढत बसला होता आणि प्रवीणदादा वर बघून ओरडत होता.

"उतर म्हणतो ना!"

"काका, पोटात दुखतंय. हाललो तर काय होईल सांगता येत नाय," साईनाथने वरून उत्तर दिलं.

प्रवीण दोन पावलं मागे सरकला.

गलका ऐकून दशरथतात्या आले होते. या वेळी चष्मा लावून. चंद्राबाई एका जांभळीच्या बुंध्याला पाठ लावून उभी होती, जणू झाडाला थंडी वाजत होती.

समिधाने वाटेत ठरवलं होतं. हा बेंचमार्क आहे असं आपण सांगितलं तर प्रवीणदादा म्हणेल, पोरीटोरींचं काय ऐकता. आपण बोलण्यापेक्षा त्यालाच बोलू द्यावं.

ती पुढे झाली. "प्रवीणदादा, दगड तुमच्या भिवाजी आजोबांनीच पुरला ना?"

"त्यांनीच. नाव काय माझ्या काकाचं हाय का?"

"चंद्राआजी म्हणतात, जुने लोक हद्दीच्या दगडाखाली कोळसा पुरायचे. तुमच्या आजोबांनीपण पुरला असेल, नाही?"

प्रवीणने क्षणभर विचार केला. आजा कुठे कमी पडला असं त्याला दिसू द्यायचं नव्हतं. "असेल म्हंजे? पोतंभर पुरलाय. घरात सगळ्यांना ठावकी हाय."

"नक्की?"

"लिहून देतो."

"तात्या, ऐकलंत ना?" समिधा वळली. "मग खणून बघू या. कोळसा निघाला की चंद्राआजीसुद्धा काही बोलणार नाहीत."

चंद्राबाईने चमकून तिच्याकडे बघितलं. समिधाने डोळे मिचकावले.

"खणा," तात्या म्हणाले.

प्रवीणने पहार मागवली. पहिला घाव घातला, खण्ण. बाजूला घातला, खण्ण. दोन हात लांब जाऊन घातला, पुन्हा खण्ण, आणि या वेळी पहार हातातून निसटून त्याच्या चपलेजवळ पडली. खाली माती नव्हतीच. ज्याला तो दगड म्हणत होता ते डोंगराच्या अखंड कातळाचं बाहेर आलेलं नाक होतं.

गजाबाबा जीपला टेकून हे सगळं बघत होते. "अरे बाबा," ते म्हणाले, "तुझ्या आज्याने दगड पुरला का आख्खा डोंगर?"

सगळे हसले. तोडणारा माणूससुद्धा हसला.

गजाबाबांनी मग पुढे येऊन खाच दाखवली, बाण दाखवला, आपला बाक समजावून सांगितला, आणि समिधाने त्या बाकाचं इंग्रजी नाव सांगितलं, बेंचमार्क. तात्यांनी चष्मा पुसून खाचेवरून बोट फिरवलं. "मी सकाळी खाली उतरून बघायला पायजे होतं," ते हळूच म्हणाले. "बी.एम. म्हंजे बेंचमार्क. भिवाजी नायच."

"बरं, हा नसेल," प्रवीण चिडून म्हणाला. "मग तुमचा दगड दाखवा. माळावर दुसरा दगड हाय कुठं? नाय ना? मग झाडं कुणाची, ते कोण ठरवणार?"

या प्रश्नाने समिधाचा चेहरा उतरला. खोटा दगड तर पकडला, पण खरा? तिने माळभर नजर फिरवली. गवत, घाणेरी, पोरांनी टाकून दिलेली बॅट. ठरवणारा तिसरा कोणी हवा. ना म्हशांचा, ना चंद्राआजीचा. तिऱ्हाईत.

तिऱ्हाईत.

"साईनाथ," तिने वर बघून विचारलं, "चेंडू तू कशावर ठेवतोस?"

"कधी?"

"वाद झाल्यावर."

"फुलीवर," साईनाथ म्हणाला. मग त्याचं तोंड उघडंच राहिलं आणि त्यातून एक जांभूळ खाली पडलं.

"डोक्यावर फुली," जागृती ओरडली. "अंपायर!"

पोरं धावली, मोठी माणसं मागोमाग. साईनाथचं पोट एकदम बरं झालं आणि तो त्यांच्या आधी पोचला. गजाबाबांनी दगडाच्या डोक्यावर हात ठेवला, फुलीच्या चारही रेघांतली धूळ नखाने काढली.

"तुमी पोरं ही फुली कुणी काढली समजत होतात?"

"मोठ्या पोरांनी," साईनाथ म्हणाला. "फुलीगोळा खेळायला."

"मीपण ह्याच्यावरच चेंडू ठेवायचो," दशरथतात्या एकदम म्हणाले. त्यांच्या मिशीत हसू उमटलं. "चाळीस वर्सं गावाने ह्याला विकेट केलं आणि दगड गावत नाय म्हणून गाव शोधत बसलं."

या वेळी पहार नीलेशमामाने धरली. माती मऊ होती. दोन वीत खाली गेल्यावर काळं काहीतरी लागलं. चंद्राबाई पुढे आली, खाली बसली, तिने हात घालून मूठ भरून बाहेर काढली आणि उघडली. कोळसा. काळाभोर, जसाच्या तसा. तिने तो कोणाला दाखवला नाही. नुसती बघत राहिली.

"सासरे खोटं बोलत नव्हते," ती म्हणाली.

तात्यांनी दगडाला पाठ लावली आणि जांभळींकडे बघितलं. तिन्ही झाडं चंद्राबाईच्या बाजूला होती, आणि नुसती झाडंच नाहीत. हद्द उलट प्रवीणच्या अंगाला, सगळे आजवर समजत होते त्याच्याहून चांगली पंधरा पावलं सरकली होती. फार्महाऊसचा नवा कोरा बोर्ड, 'ग्रीन पॅराडाईज', चंद्राबाईच्या जागेत उभा होता.

"प्रवीण," तात्या म्हणाले, "सरकारी मोजणी होईल तेव्हा होईल. तोवर तूच कबूल केलंस ते चालेल. दगड तिथं हद्द, खाली कोळसा. तुजेच शब्द."

प्रवीणने डोकं खाजवलं. तो वाईट माणूस नव्हता, फक्त घाईचा होता. "बोर्ड काढतो," तो म्हणाला.

"असू दे रं," चंद्राबाई म्हणाली. "पावसाळ्यात त्याच्यावर दोडक्याचा वेल चढवीन. तू रस्ता खालच्या अंगाने काढ, म्हंजे जाता येता जांभळं देईन."

तात्यांनी समिधाच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, आमी अक्षरं वाचली आणि अडकलो. तू अक्षरामागं काय हाय ते बघितलंस. आणि जागृती, तुज्या जिभेला आज पहिल्यांदा चांगलं म्हणतो." मग त्यांनी साईनाथकडे बघितलं. "आणि ह्या गड्याने झाड धरून ठेवलं."

"मला जेवायला मिळेल ना?" साईनाथने काकाला विचारलं.

"अजून पोटात जागा हाय?" प्रवीण म्हणाला, आणि तोही हसला.

समिधाने मग अंपायर म्हणजे तिऱ्हाईत हे सगळ्यांना सांगितलं, तशी चंद्राबाईने तिच्याकडे वही मागितली. पेन्सिल घट्ट धरून, ओठ मिटून, एकेक अक्षर लावत तिने त्या पानावर 'अंपायर'च्या शेजारी लिहिलं, 'तिऱ्हाईत'. ऱ्ह जरा वाकडा आला. समिधाने तो दुरुस्त केला नाही.

संध्याकाळी पुन्हा डाव मांडला गेला. दगडाभोवतीची माती नीट दाबून बसवली होती. या वेळी प्रवीणदादाही खेळायला आला, आणि दुसऱ्याच चेंडूवर धावताना अडकला.

"आउट," जागृती म्हणाली.

"कुठला आउट? केव्हाचा पोचलोय मी."

चेंडू फुलीवर ठेवला. सगळे वाकून बघत होते. चेंडू थरथरला, विचार केल्यासारखा थांबला आणि जांभळींकडे घरंगळला.

"हा अंपायर आता चंद्राबाईच्या बाजूने झालाय," प्रवीण बॅट टाकत म्हणाला.

"नाय रं बाबा," चंद्राबाई जांभळीखालून म्हणाली. "तो कुणाच्याच बाजूचा नाय. म्हणून तर तो अंपायर."

"वारं होतं काका," साईनाथ बॅट उचलत म्हणाला. "आता माझी बॅटिंग."